व्हय म्हाराजा म्हणणारं माणूस

रत्नागिरीहून बसणी, काळबादेवी करत गणपतीपुळ्याकडे निघालं की आरे गावची पुळण संपल्यावर रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो आणि एका वळणावर दोन्ही समुद्र एकदम दिसतात. मागे आरे, पुढे वारे. याच वळणावर तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका दुपारी मी स्कूटर कडेला लावली, कारण मी आता मरणार अशी माझी खात्री झाली होती. छातीत धडधड, बोटं बधिर, घशात बोळा कोंबल्यासारखं. तेवढ्यात एक मुलगा आला, 'ताई, आमचा एक फोटो काढता का?' म्हणाला आणि मोबाइल माझ्या हातात देऊन रांगेत जाऊन उभा राहिला. मी फोटो काढलाही. मरतानाही माणसाची भीड सुटत नाही.

बाजूच्या कोकम सरबताच्या टपरीवरच्या काकी हे बघत होत्या. 'बस गो हितं,' म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मला काहीतरी होतंय, असं मी म्हणाले. 'व्हय,' त्या म्हणाल्या. खूप भीती वाटतेय. 'व्हय.' घरी कळवू का? 'कळव की. बस आदी.' पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलं. त्यांनी सरबताचे पैसे मात्र घेतले.

त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, हे मला पुढे कळलं. हा लेख ज्यांना असं होतं त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांना झटका कधीच येत नाही पण काळजी दिवसरात्र पाठ सोडत नाही, त्यांच्यासाठीही. मी डॉक्टर नाही. पण या वाटेने गेले आहे, आणि वाटेवर काय उपयोगी पडलं, काय नाही, ते सांगू शकते.

आधी तपासणीचं. पहिल्यांदा असं झालं की डॉक्टरांकडे जायचंच. ईसीजी, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड एवढं बघून घ्यावं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉईड वाढलं तरी अशीच धडधड होते. छातीत दाब येऊन कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर हे मनाचं की हृदयाचं असा विचार करत बसायचं नाही. सरळ 108ला फोन करायचा. तपासण्या नीट आल्या तर मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवायचा. मी दोन महिन्यांत तीनदा ईसीजी काढला. प्रत्येक वेळी एक रात्र शांत झोप लागली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शंका परत आली. खात्री करून घेण्याची ही खाज दारूसारखी असते, मागच्यापेक्षा पुढची मात्रा जास्त लागते. एका ठिकाणी मला सांगण्यात आलं, 'तुम्हाला काहीही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.' जणू मी ते बाजारातून पिशवीत घालून आणलं होतं.

झालेलं असतं. शरीर धोक्याची घंटा वाजवतं, फक्त धोका नसताना. ॲड्रेनलिन उसळतं, काळीज जोरात चालायला लागतं, श्वास उथळ आणि भराभर होतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग त्या मुंग्यांचीच भीती वाटते आणि चक्र आणखी जोरात फिरतं. सगळं खरंखुरं होत असतं, पण त्याने जीव जात नाही. हे चक्र साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतं आणि मग उतरतं, कारण शरीराला इतका वेळ इतक्या जोरात वाजत राहणं परवडत नाही.

इथल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ घड्याळ न बघता सांगता येते. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला आठ पाऊणे सहा. अष्टमीच्या आसपासची भरती भांगाची, पाणी फार चढत नाही, अमावास्या-पौर्णिमेची उधाणाची. होडीवाला उधाणाला शिव्या देत नाही की त्याच्याशी भांडत नाही. होडी वर ओढून ठेवतो आणि बसून राहतो, कारण हे किती वाजेपर्यंत चालणार ते त्याला ठाऊक असतं. भीती चढली की मी आता पहिल्यांदा घड्याळ बघते. चार वाजून दहा मिनिटं. भीती दहापैकी आठ. चार वीसला पुन्हा बघते. सहा. हे आकडे एका वहीत लिहीत गेले, आणि पाच-सहा झटक्यांनंतर त्या वहीने मला जे पटवलं ते कुणाच्या सांगण्याने पटलं नव्हतं: एकदाही आकडा आठवर राहिला नाही.

पाणी चढलेलं असताना करायचं काम एकच, श्वास सोडणं. घेणं नव्हे, सोडणं. घाबरलेल्या माणसाला सगळे 'मोठा श्वास घे' म्हणून सांगतात, त्याने तो आणखी हापसतो. चुलीवर स्वयंपाक केलेल्या बायकांना फुंकणी आठवत असेल. निखारा पेटवायचा तर जोरात फुंकून चालत नाही, राख उडते. बारीक, लांब, एकसारखी फुंकर घालावी लागते. तशी फुंकर. चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा-सात मोजेपर्यंत ओठांतून बाहेर, पाच मिनिटं. भजनाला बसणाऱ्यांचा हा व्यायाम आपसूक होतो, लांब ओळ ओढताना श्वास आपोआप लांब सुटतो. पाय अनवाणी जमिनीवर टेकवावेत, जांभ्याचा खरखरीतपणा तळव्यांना लागू द्यावा. तोंडावर गार पाणी मारावं. यात जादू काही नाही. शरीराला एवढंच कळवायचं असतं की पळायची गरज नाही.

आता मी केलेली सगळ्यात मोठी चूक. त्या दिवसानंतर चार महिने मी त्या वळणावरून गेले नाही. गणपतीपुळ्याला जायचं झालं तर निवळीवरून, चाफे मार्गे लांबचा फेरा घेत होते. घरच्यांना सांगितलं, तो रस्ता खराब आहे. सुरुवातीला एक वळण टाळलं, मग घाट, मग एकटीने स्कूटर, मग बाजार. टाळलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं, आणि भीतीचं कुंपण हातभर आत सरकतं. परत फिरायचं तर पायरी-पायरीने. मी आधी एसटीने गेले, खिडकीशी बसून. मग भावाच्या मागे स्कूटरवर. मग त्याला टपरीपाशी थांबायला लावून शेवटचा चढ एकटीने. प्रत्येक पायरीवर पाणी निम्मं ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, हा नियम. घाबरून परत फिरलं तर पायरी मोजायची नाही, दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा. भाऊ माझा समजूतदार नाही, पण त्याला कोकम सरबत आवडतं.

झटक्यांचं एवढं पुरे. जास्त लोकांचा त्रास दुसराच असतो: संथ, रोजचा घोर. आंब्याला मोहोर आला तर थ्रिप्स किडीचा घोर, फळ धरलं तर अवकाळी पावसाचा, पेटी गेली तर दराचा, आणि या सगळ्याच्या खाली कर्जाचा. मुलगा मुंबईला, त्याचा फोन आला नाही म्हणून घोर, अवेळी आला तर त्याहून जास्त. चिपळुणात 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातल्या कित्येकांची झोप आजही पत्र्यावर सर वाजली की मोडते. 3 जून 2020च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडे वारा सुटला की माणसं माडांकडे बघत बसतात. यातली कुठलीच काळजी खोटी नाही. 'उगाच विचार करतोस' हे बोलणं म्हणूनच इतकं लागतं.

इथे मला आमच्याकडचं गाऱ्हाणं आठवतं. शिमग्यात पालखी दारात आली की गावातला जाणता माणूस देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. ते कसं असतं बघा. त्यात माणसाचं नाव असतं. त्याची अडचण उघड, सर्वांसमोर सांगितलेली असते: याच्या मुलाला नोकरी नाही, हिचं दुखणं बरं होत नाही. आणि शेवटी नेमकी मागणी असते. प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' कुणी मध्येच सल्ला देत नाही. कुणी म्हणत नाही की माझ्या मेहुण्याला तर याहून वाईट झालं होतं. देव काय करतो ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ज्याचं नाव घेतलं गेलं तो माणूस त्या रात्री एकटा नसतो, हे मी पाहिलेलं आहे.

तर आपलं गाऱ्हाणं तयार करा. कागदावर तीन वाक्यं. मला काय होतंय: 'गेला महिनाभर पहाटे तीनला जाग येते आणि छाती धडधडते.' कशावरून: 'बँकेचा हप्ता दोनदा चुकलाय.' आणि मला काय हवंय: 'तू आत्ता काही सुचवू नकोस, फक्त ऐक', किंवा 'उद्या माझ्याबरोबर बँकेत चल.' तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपण तेच गाळतो. समोरच्याला काय करायचं ते कळत नाही, मग तो घाबरून उपदेश करतो. माणूस निवडताना नातं बघू नका, पोट बघा. ज्याच्या पोटात गोष्ट राहते तो. माझ्या बाबतीत ती सख्खी बहीण नव्हती, शाळेतली एक जुनी मैत्रीण होती, जिच्याशी दहा वर्षं नुसतं दिवाळीचं बोलणं होत होतं. आणि एकाच माणसावर सगळा भार टाकू नये, दोघं-तिघं असावेत. एकजण बँकेत यायला, एकजण रात्री फोन उचलायला, एकजण नुसता चहा प्यायला.

ऐकणाऱ्यांनाही थोडं सांगते. मुंबईहून रोज फोन करणारा मुलगा विचारतो, 'बरी आहेस ना गं?' आई म्हणते, 'बरी.' प्रश्नातच उत्तर भरलेलं असेल तर ती दुसरं काय म्हणणार? त्यापेक्षा विचारा, रात्री किती वाजता जाग येते? जेवलीस काय? शेवटचं कुणाच्या घरी जाऊन आलीस? बाहेर जाणं बंद झालंय, ताट अर्धं राहतंय, टीव्ही चालू आहे पण बघत कुणी नाही, ही लक्षणं या उत्तरांतून बाहेर येतात. आणि कळलं की लगेच उपाय काढू नका. निदान दहा मिनिटं व्हय म्हाराजा. आमच्या बऱ्याच घरांत मोबाइलला रेंज फक्त खळ्याच्या एका कोपऱ्यात येते आणि तिथलं बोलणं आळीभर ऐकू जातं, हेही लक्षात असू द्या. आईला मोकळेपणाने बोलायचं असेल तर गणपतीत आलात की तिला घेऊन संध्याकाळी पुळणीवर एक फेरी मारा. शेजारी शेजारी चालताना जे बोललं जातं ते समोरासमोर बसून निघत नाही.

रोजच्या घोरासाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती चिंतेची ठरावीक वेळ. संध्याकाळी दिवा लावून झाला की वीस मिनिटं. दिवसभरात जी काळजी डोकं वर काढेल तिला सांगायचं, सातला ये. आणि सातला खरंच बसायचं, वही घेऊन. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे माझ्या हातातलं, उजवीकडे नसलेलं. फवारणी डावीकडे, ढग उजवीकडे. हप्त्याबद्दल मॅनेजरशी बोलणं डावीकडे, तो काय म्हणेल ते उजवीकडे. डावीकडच्या एका ओळीसमोर उद्याची वेळ टाकायची आणि वही मिटायची. पुराची धास्ती असलेल्यांनी कागदपत्रांची पिशवी, बॅटरी, औषधं मेमध्येच बांधून ठेवावीत आणि पावसाळ्यात हवामानाचा इशारा सकाळ-संध्याकाळ असा दोनदाच बघावा, तोही सरकारी. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला येणारा पूर बहुतेक मागच्या वर्षीचा असतो.

विचारांशी वाद घालायची रीत शिकायची असेल तर अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत उत्तम उपलब्ध आहे. कि. मो. फडके यांनी आयुष्यभर ती इथे रुजवली, पुस्तकं लिहिली. गाभा साधा आहे. पीक गेलं तर वाईट होईल, हे खरं. पीक गेलं तर मी संपलो, ही आपली भर. घटना आपल्याला जेवढं हलवते त्याहून जास्त ही भर हलवते, आणि ती तपासून बघता येते. मला हे वाचताना पटलं आणि रात्री तीनला अजिबात पटलं नाही. रात्री तीनला कुठल्याच विचाराशी वाद घालू नये. उठून पाणी प्यावं, पडवीत बसावं.

यानेही भागत नसेल, म्हणजे दोन-तीन आठवडे झोप, भूक, कामधंदा यांवर परिणाम होत असेल, तर मनोविकारतज्ज्ञ. आणि इथे रत्नागिरीकरांची एक जुनी अडचण येते. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि आमचं रत्नागिरी. गाव असं नशीबवान, की आजार बळावण्याआधी दाखवायची सोय दारात. आणि आम्ही काय केलं, तर त्याचा विनोद केला. 'याला तिकडे नेऊन ठेवायला हवं' हे ऐकतच आम्ही वाढलो, म्हणून त्या फाटकातून आत जाताना आपल्याला कुणी पाहील, या भीतीने लोक घरी कुढत बसतात. बाह्यरुग्ण विभागात जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. सकाळी जायचं, दाखवायचं, औषध घ्यायचं, दुपारच्या एसटीने घरी. जिल्हा शासकीय रुग्णालयातही दाखवता येतं. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे उपचार मिळणं हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे आणि माहिती गुप्त ठेवण्याचं बंधनही घातलं आहे.

औषधाबद्दल दोनच गोष्टी. चिंतेवर दीर्घकाळ देतात त्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिले काही दिवस अस्वस्थपणा वाढूही शकतो. म्हणून आठव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नये आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नये. दुसरं, शेजारणीच्या डब्यातली झोपेची गोळी नको. ती लगेच शांत करते, म्हणूनच तिची सवय लागते. रात्रीच्या दारूचंही तेच, उतरताना ती दुप्पट घोर देऊन जाते.

डॉक्टरपर्यंत पोचायला वेळ असेल तर 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोन लागला की काय बोलावं ते सुचत नाही आणि माणूस ठेवून देतो. म्हणून पहिलं वाक्य लिहून ठेवा: 'मला फार भीती वाटते आहे, मला कुणाशी तरी बोलायचं आहे.' पुढचं समुपदेशक विचारतात. गरज पडली तर ते पुढे तज्ज्ञांशीही जोडून देतात.

भगताकडे जावं का, असं मला एकदोघींनी विचारलं. दृष्ट काढून बरं वाटत असेल तर काढा, मीठ-मोहरीने कुणाचं नुकसान होत नाही. पण जो गोळ्या बंद करायला सांगतो, मारतो, उपाशी ठेवतो किंवा हजारो रुपये मागतो, त्याच्या दारात पाऊल ठेवू नका. असले प्रकार 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतात.

आणि जगणं नको असं कुणी म्हणू लागलं, किंवा तुम्हालाच वाटू लागलं, तर ते गाऱ्हाणं त्याच दिवशी घालायचं, सातची वाट बघायची नाही. समोरच्याला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट दडपण उतरतं. त्याला एकटं सोडू नका. बागेच्या फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. 14416, आणि धोका समोर दिसत असेल तर 112.

समुद्रावर गेलं की मन मोकळं होतं, हे खरं आहे, मीही जाते. पण मन फार भरून आलेलं असताना आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर एकट्याने जाऊ नये, आणि पावसाळ्यात तर पाण्यात पाऊल घालू नये. पाण्याला इथे आतून ओढ आहे. 2025च्या जुलैमध्ये एकाच कुटुंबातल्या चौघांना तिने नेलं. जायचं तर वर, वळणावर, कुणाला तरी बरोबर घेऊन, आणि दोन्ही समुद्र लांबूनच बघायचे.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. 14416, मैत्रीण, भाऊ, डॉक्टर. काकींची टपरी पावसात बंद असते, म्हणून दिवाळीत त्यांचाही नंबर मागून घेतला आणि शेवटी लिहिला. त्यांनी विचारलं, कशाला? सरबताची ऑर्डर द्यायला, असं मी सांगितलं. 'व्हय,' त्या म्हणाल्या.